खुब्याचे फ्रॅक्चर : हाड आधी सांधले, आजार नंतर उमगला

घरातील वयस्कर बाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले, की नागपुरातील कुटुंब 'मेडिकल', 'मेयो' ही सरकारी रुग्णालये किंवा एखादे खासगी रुग्णालय गाठते, 'रॉड टाकायचा की बॉल बदलायचा' यावर चर्चा होते आणि दोष ओल्या फरशीला दिला जातो. फरशीचा दोष असतोच; परंतु उभ्या उभ्या पडल्याने निरोगी माणसाच्या खुब्याचे हाड सहसा मोडत नाही. ही बाब वैद्यकालाही उशिरा पटली, कारण मोडलेले हाड सांधण्याचा आणि ते का मोडले हे शोधण्याचा असे दोन प्रवास दीर्घकाळ वेगवेगळ्या वाटांनी चालले.

लंडनचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२० च्या दशकातच नोंदवले होते की, खुब्याचे हे फ्रॅक्चर प्रामुख्याने उतारवयात, आणि त्यातही स्त्रियांमध्ये आढळते आणि वयाबरोबर हाडाचे कवच पातळ व आतला भाग सच्छिद्र होतो. निरीक्षण अचूक होते, पण त्यावर उपाय नव्हता. पुढची शंभर वर्षे पायाला वजन लावून रुग्णाला अनेक आठवडे झोपवून ठेवले जाई, आणि मृत्यू मोडलेल्या हाडापेक्षा त्या अंथरुणामुळे, म्हणजे न्यूमोनिया, शय्याव्रण आणि रक्ताच्या गुठळ्यांमुळे येई.

ही कोंडी बोस्टनमध्ये फुटली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे स्मिथ-पीटरसन यांनी तीन पात्यांच्या धातूच्या खिळ्याने मांडीच्या हाडाची मान जोडण्याची पद्धत १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. मानेवरच्या गोलाकार डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्यास जोडलेले हाडही मरते, ही अडचण मात्र उरली. त्यासाठी १९५० च्या दशकात ऑस्टिन मूर आदींचे धातूचे गोळे वापरात आले. आज ज्याला सर्रास 'बॉल बदलणे' म्हणतात, त्याचे मूळ येथे आहे. नवल असे की, त्याच बोस्टनच्या रुग्णालयात फुलर ऑलब्राइट यांनी १९४० च्या सुमारास हाडांच्या या ठिसूळपणाचा (ऑस्टिओपोरोसिस) संबंध रजोनिवृत्तीनंतर घटणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी जोडला. खिळा आणि कारण एकाच छताखाली सापडले, तरी खिळा जगभर गेला आणि कारण बराच काळ अंतःस्रावतज्ज्ञांपुरतेच राहिले.

याचे एक कारण मोजमापाचे होते. हाडातील सुमारे तीस टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर झीज स्पष्ट दिसत नाही. घनता मोजणारे डेक्सा यंत्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस आले, जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये उणे २.५ हा टी-स्कोअर (निरोगी तरुण व्यक्तींच्या सरासरी घनतेशी केलेली तुलना) निदानाची सीमा म्हणून ठरवला आणि १९९५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलेंड्रोनेट या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली.

भारतात हा विषय मागे राहण्यास आणखी एक कारण होते. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले, तेव्हा देशातील सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षांच्या आसपास होते; आता ते सत्तरीला पोहोचले आहे. वृद्धांची संख्याच थोडी असताना त्यांच्या हाडांना प्राधान्य मिळणे कठीण होते. शिवाय 'एवढे ऊन असताना ड जीवनसत्त्व कमी कसे पडेल' हा समजही होता. पंचेचाळीस अंशांच्या विदर्भी उन्हाळ्यात वृद्ध माणसे दिवसभर कूलरसमोर, खिडक्या बंद करून बसतात आणि बाहेर पडलीच तर दुपट्टा गुंडाळून, हे त्या हिशेबात धरले जात नसे.

सांधणे बरेच पुढे गेले असून शक्य तितक्या लवकर, एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करावी, असे आता मानले जाते. मात्र एकदा ठिसूळ हाड मोडलेल्या व्यक्तीला दुसऱ्या फ्रॅक्चरचा धोका वाढलेला असतो आणि तरीही घरी जाताना हाडांच्या घनतेची तपासणी किंवा औषध सुचवले जाणे, ही गोष्ट भारतातच नव्हे तर श्रीमंत देशांतही अनेकदा राहून जाते. ग्लासगोमध्ये १९९९ च्या सुमारास यावर एक साधी व्यवस्था सुरू झाली : फ्रॅक्चर घेऊन आलेल्या पन्नाशीपुढील रुग्णांना परिचारिकेने स्वतः शोधायचे, त्यांच्या हाडांची तपासणी करवायची आणि उपचार सुरू होतील हे पाहायचे.