कोकणातील वनांचे पोषणचक्र व हवामानबदल

नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, कॅल्शियम इ. मूलद्रव्ये मातीतून झाडात जातात, झाडातून पालापाचोळ्यात येतात आणि पाचोळा कुजून पुन्हा मातीत मिसळतात. या फेऱ्यास पोषणचक्र म्हणतात. कोकणात त्याला वळण दिले आहे ते जांभा (लॅटेराइट) या तांबड्या, सच्छिद्र खडकाने आणि चार महिन्यांच्या पावसाने (वार्षिक सु. २,५०० ते ३,५०० मिमी.).

जांभ्याच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावरील उच्च जांभा झिजून, वाहून येऊन कोकणपट्टीतील निम्न जांभा तयार झाला, असे एक मत. जागच्याच बेसाल्टचे (काळ्या ज्वालामुखी खडकाचे) रासायनिक अपक्षयण, म्हणजे हवा-पाण्याने होणारी झीज, होऊन तो बनला, हे दुसरे. चिऱ्याच्या खाणींत व विहिरींच्या कडांत जांभा, खाली चिकणमाती व त्याखाली कुजका बेसाल्ट असा क्रमाक्रमाने होणारा बदल अनेक ठिकाणी दिसतो. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र काही ठिकाणचा जांभा वाहून आलेल्या गाळाचाही असावा. निम्न जांभ्याचा काळ सामान्यतः तृतीय कल्पाच्या (सु. ६.६ कोटी ते २६ लाख वर्षांपूर्वीच्या काळाच्या) उत्तरार्धात मानतात. पोषणचक्राच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, या दीर्घ अपक्षयणात चुना (कॅल्शियम), पोटॅश (पोटॅशियम) धुऊन गेले आणि उरलेली लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे फॉस्फरस घट्ट धरून ठेवतात. म्हणून वनाच्या पोषकद्रव्यांची खरी शिल्लक पाचोळ्यात व वरच्या वीतभर मातीत असते.

ऐन, किंजळ यांसारखी पानझडी झाडे पान गाळण्यापूर्वी त्यातील नायट्रोजन व फॉस्फरसचा मोठा भाग, बहुधा निम्म्याच्या आसपास, खोडाफांद्यांत ओढून घेतात. वादळात हिरवी पाने झडतात तेव्हा ही बचत होत नाही. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने पावसाच्या तोंडावरच असा हिरवा पाला जमिनीवर घातला. तो लवकर कुजतो, आणि मोकळा झालेला नायट्रोजन मुळांनी उचलण्याआधीच पुढच्या मुसळधार पावसात बराचसा वाहून जातो.

कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडताच सूक्ष्मजीव एकदम कामाला लागतात व नायट्रेट वाढते. संथ पावसात झाडे ते घेतात. प्रदीर्घ उघडीप व मग एका दिवसात कोसळणारा पाऊस, या क्रमात निक्षालन (पोषकद्रव्ये पाण्यात विरघळून मातीतून वाहून जाणे) वाढते. अरबी समुद्र तापत आहे; त्यावरील बाष्पाचा संबंध असलेल्या मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सु. तिपटीने वाढल्याचे आढळले आहे. कोकणातील वनांवर तापमानवाढीपेक्षा पावसाच्या बिघडलेल्या ठेक्याचाच परिणाम अधिक होत असावा.

भातरोपांसाठी भाजल्या जाणाऱ्या राबात (रोपांच्या जमिनीवर पसरून जाळलेल्या थरात) टहाळ (तोडलेल्या डहाळ्या) व पातेरा (पाचोळा) जळतो. पोटॅश व चुना राखेतून शेताला मिळतो, नायट्रोजन बहुतांशी हवेत जातो. देवराईत पातेरा उचलत नाहीत. त्या जाड थरावर पावसाचा मारा जिरतो, म्हणून अतिवृष्टीतही तेथील माती टिकते. रान तोडून तण साफ ठेवलेल्या काजूच्या उतारांवर तसे होत नाही.

धुपलेला गाळ व विद्राव्य नायट्रोजन सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांतून खाड्यांत उतरतो. तेथील कांदळवने त्याचा काही भाग अडवतात.