सात मिलिसेकंद आणि हाडांची झीज

मार्च २०२५ मध्ये सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी पृथ्वीवर परतल्या, तेव्हा साताऱ्यात आमच्या वाड्यात एकच चर्चा: वर राहिलं की वय कमी वाढतं म्हणे! आजीला त्यात नवल वाटलं नाही. रेवतीचा बाप तिच्या स्थळासाठी ब्रह्मलोकी गेला, तिथलं गाणं संपेपर्यंत थांबला आणि तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली, ही भागवतातली कथा तिला तोंडपाठ.

शास्त्रात या गोष्टीची सुरुवात १९०५ ची. घड्याळ जितकं वेगात, तितकं ते सावकाश चालतं, असं आइन्स्टाइनने मांडलं. १९१५ च्या सिद्धान्ताने त्यात भर घातली: जसजसं उंच जावं, तसतसं घड्याळ पुढे पळतं. महाबळेश्वर साताऱ्याहून साधारण सहाशे मीटर उंच. तेव्हा तिथलं घड्याळ वर्षाकाठी दोनेक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दोनेक दशलक्षांश, पुढे जातं.

पडताळा मिळाला १९७१ मध्ये, आणि तो प्रयोग मला फार आवडतो. हाफेले आणि कीटिंग हे दोन अमेरिकी शास्त्रज्ञ चार अणुघड्याळं (अणूंच्या कंपनांवर चालणारी अतिशय अचूक घड्याळं) घेऊन नेहमीच्या प्रवासी विमानांत बसले आणि पृथ्वीला फेरी मारून आले, एकदा पूर्वेच्या दिशेने, एकदा पश्चिमेच्या. पूर्वेच्या फेरीत घड्याळं ५९ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) मागे पडली, पश्चिमेच्या फेरीत २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. गणिताशी मेळ बसला.

सुनीताताई होत्या ते अंतराळ स्थानक तासाला सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने फिरतं. उंचीमुळे घड्याळ पुढे जातं खरं, पण वेगाचा परिणाम त्याहून मोठा. सगळी वजाबाकी करून सुनीताताईंचे वाचले जेमतेम सात मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे सात हजारांश.

शरीराचा हिशेब मात्र निराळा, आणि चर्चेत नेमका तोच राहून जातो. अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस वर होते, त्यांचा जुळा भाऊ मार्क खाली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: वयाबरोबर आखूड होणारी गुणसूत्रांची टोकं स्कॉटच्या पेशींत वर असताना लांबली, पण परतल्यावर झपाट्याने आखडली; काही तर आधीपेक्षाही आखूड झाली. हाडांचं तर विचारूच नका. उतारवयात वर्षभरात होते तेवढी झीज, म्हणजे एक ते दीड टक्का, तिथे महिन्याभरात होते. म्हणून अंतराळवीर रोज दोनेक तास व्यायाम करतात.

हे सांगितल्यावर आजीने कॅल्शियमची गोळी हातात घेतली आणि विचारलं, "मग त्या पोरीला आता चालता येतंय ना नीट?"