चौदा टक्क्यांची हमी आणि न घडलेल्या वर्षाचा हिशेब

२७ ऑगस्ट २०२० रोजी झालेल्या जीएसटी परिषदेच्या, म्हणजे वस्तू आणि सेवा कराचे दर ठरवणाऱ्या केंद्र-राज्यांच्या मंडळाच्या, ४१व्या बैठकीत केंद्राने राज्यांपुढे दोन आकडे ठेवले. राज्यांचे कर जीएसटीत विलीन झाल्यामुळे होणाऱ्या महसुलाच्या हानीची भरपाई देण्याची हमी केंद्राने दिली होती; त्या आर्थिक वर्षात तिच्यापोटी राज्यांना सुमारे ३ लाख कोटी रुपये द्यावे लागतील, त्यासाठी लावलेल्या उपकरातून जेमतेम ६५ हजार कोटी जमतील आणि २ लाख ३५ हजार कोटींची तूट राहील, हा पहिला आकडा. या तुटीपैकी ९७ हजार कोटीच काय ते जीएसटीच्या अंमलबजावणीमुळे आलेले असून बाकीची तूट कोरोनाच्या साथीमुळे, म्हणजे केंद्रीय अर्थमंत्र्यांच्या भाषेत देवाच्या करणीमुळे आलेली आहे, हा दुसरा. पहिल्या आकड्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. पुढचे सात आठवडे जे भांडण चालले ते दुसऱ्यावरून, आणि त्याचे मूळ साथीच्या कितीतरी आधीचे आहे.

राज्यांच्या मनातला अविश्वास जीएसटीहूनही जुना होता. २००५ साली विक्रीकराच्या जागी व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर, आला, तेव्हा पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी ७५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी ५० टक्के नुकसान भरून देण्याचे केंद्राने मान्य केले होते. तो व्यवहार बऱ्यापैकी सुरळीत पार पडला. मात्र २००७ आणि २००८ मध्ये आंतरराज्य विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर ४ टक्क्यांवरून आधी ३ आणि मग २ टक्क्यांवर आणला गेला आणि त्यापोटी कबूल केलेल्या भरपाईवरून वर्षानुवर्षे पत्रापत्री होत राहिली. त्यामुळे जीएसटीच्या वाटाघाटींत राज्यांनी तोंडी आश्वासनावर भागू दिले नाही. पाच वर्षे भरपाई देण्याची तरतूद २०१६च्या १०१व्या घटनादुरुस्तीतच करवून घेतली गेली आणि तिचा तपशील २०१७च्या भरपाई कायद्यात आला.

त्या कायद्यातला १४ टक्क्यांचा आकडा या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. २०१५-१६ हे पायाभूत वर्ष धरून, जीएसटीत विलीन झालेल्या करांचे राज्याचे उत्पन्न दरवर्षी १४ टक्क्यांनी वाढले असते असे मानायचे आणि प्रत्यक्ष वसुली त्याहून जितकी कमी भरेल तितकी रक्कम केंद्राने द्यायची, अशी ही योजना होती. एखाद्या राज्याला २०१५-१६ मध्ये या करांतून १०० रुपये मिळाले असतील, तर २०१७-१८ साठी त्याला सुमारे १३० रुपयांची, २०१९-२० साठी १६९ रुपयांची आणि २०२०-२१ साठी १९२ रुपये ५४ पैशांची हमी होती, मग बाजारात तेजी असो की मंदी. अर्थव्यवस्थेची नाममात्र वाढ, म्हणजे महागाईसह मोजलेली वाढ, दोन आकडी राहील आणि महसूल तिच्याही थोडा पुढे धावेल, हा २०१६-१७ मधला आशावाद अशा रीतीने कायद्याच्या कलमात जाऊन बसला. एरवी अंदाज चुकला तर पुढच्या अर्थसंकल्पात सुधारित अंदाज मांडून मोकळे होता येते. इथे ती सोय नव्हती.

महाराष्ट्रात याच रचनेची एक धाकटी आवृत्ती पाहायला मिळते. १ जुलै २०१७ला मुंबईतली जकात बंद झाली, तेव्हा महापालिकेला दरमहा भरपाई देण्यासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला आणि तिच्यात दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ वाढ मान्य केली. पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटी रुपयांचा होता. केंद्राकडून १४ टक्क्यांच्या हमीने घ्यायचे आणि महापालिकेला ८ टक्क्यांच्या हमीने द्यायचे, अशी राज्याची सोयीची बैठक बसली होती. वरून येणारी रक्कम खोळंबली तरी खाली द्यायचे हप्ते ठरलेलेच होते, हे तिच्यात तेव्हा कोणी मोजले नसावे.

रक्कम खोळंबायला टाळेबंदीची वाट पाहावी लागली नाही. २०१९च्या उन्हाळ्यापासूनच मोटारींची विक्री घसरत होती आणि भरपाई उपकर तर मोटारी, तंबाखू, शीतपेये, कोळसा अशा मोजक्या वस्तूंवरचा. ऑगस्ट-सप्टेंबर २०१९ची भरपाई डिसेंबर उजाडल्यावर सुटली. २०१९-२० या संपूर्ण वर्षासाठी राज्यांना सुमारे १ लाख ६५ हजार कोटी द्यावे लागले, तर उपकर ९५ हजार कोटींच्या आसपासच जमला. मधली फट आधीच्या वर्षांच्या शिलकीतून आणि इतर तजविजीने भरली गेली. त्या वर्षी जीएसटीची एकूण वसुली जेमतेम ४ टक्क्यांनी वाढली होती. हा आकडा पुढे लागणार आहे.

त्याच सुमारास करधोरणातला त्या काळातला सर्वांत मोठा निर्णय झाला आणि तो पणजीत जाहीर झाला. एप्रिल-जून २०१९ तिमाहीचा वाढीचा दर ५ टक्क्यांवर आल्याचे समजून तीन आठवडे होतात न होतात तोच, २० सप्टेंबर २०१९ रोजी, परिषदेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेल्या अर्थमंत्र्यांनी कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली. त्यापायी १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे सरकारनेच सांगितले. कंपनी कर केंद्र आणि राज्ये वाटून घेतात, त्यामुळे या सवलतीचा काही भार राज्यांनीही उचलला. त्यांना मात्र आधी विचारले गेले नव्हते. २००८-०९ च्या मंदीशी तुलना केली तर फरक कळतो. तेव्हा केंद्राने उत्पादन शुल्क सरसकट ४ टक्के-बिंदूंनी उतरवले आणि पाठोपाठ सेवाकर १२ वरून १० टक्क्यांवर आणला. दोन्ही दर केंद्राच्या हातात होते. जीएसटीनंतर अप्रत्यक्ष करांचे बहुतेक दर परिषदेत गेले आणि मंदीत एकट्याने ओढता येईल असे केंद्राकडे फारसे काही उरले नाही. उरला तो कंपनी कर आणि इंधनावरचे शुल्क.

१ फेब्रुवारी २०२०चा अर्थसंकल्प १० टक्के नाममात्र वाढ आणि २४ लाख २३ हजार कोटींचा ढोबळ करमहसूल धरून मांडला गेला. एप्रिलमध्ये जीएसटीची वसुली ३२ हजार कोटींवर कोसळली. पहिल्या तिमाहीत अर्थव्यवस्थेचे २३.९ टक्के आकुंचन झाल्याचे जाहीर झाले ते ३१ ऑगस्टला, म्हणजे परिषदेच्या त्या बैठकीनंतर चार दिवसांनी. ऑक्टोबरमध्ये मध्यवर्ती बँकेने संपूर्ण वर्षासाठी उणे ९.५ टक्क्यांचा अंदाज वर्तवला, डिसेंबरमध्ये तो उणे ७.५ झाला. जानेवारीतल्या पहिल्या आगाऊ अंदाजात उणे ७.७, फेब्रुवारीत उणे ८, मे २०२१ मध्ये उणे ७.३, आणि नंतरच्या फेरमांडण्यांत उणे ६.६ वरून उणे ५.८. एकाच वर्षाचे हे सगळे आकडे आहेत. ते बनवणाऱ्यांचा यात दोष काढण्याचे कारण नाही, असंघटित क्षेत्राची माहिती उशिरानेच येते. पण करवाटपाचा तंटा या आकड्यांच्या भरवशावर सोडवता आला नसता हेही दिसते.

आता तो वादग्रस्त शब्द. घटनादुरुस्तीत जीएसटीच्या ‘अंमलबजावणीमुळे’ होणाऱ्या महसुलाच्या हानीची भरपाई असा उल्लेख आहे. केंद्राने या एका शब्दावर बोट ठेवले: साथीमुळे बुडालेला कर म्हणजे अंमलबजावणीमुळे बुडालेला कर नव्हे. राज्यांनी भरपाई कायद्यातले सूत्र पुढे केले. त्या सूत्रात हमीच्या रकमेतून प्रत्यक्ष वसुली वजा करायची आहे. ती का घटली, हे विचारणारा रकाना त्यात नाही. शिवाय परिषदेच्या सुरुवातीच्या बैठकांतच, उपकर कमी पडला तर बाजारातून कर्ज काढण्यासह अन्य मार्गांनी पैसा उभा करता येईल, अशी चर्चा इतिवृत्तात नोंदलेली होती. भरपाई संचित निधीतून, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीतून, देण्याचे बंधन केंद्रावर नाही, असा कायदेशीर सल्ला केंद्राकडे होता. शब्दार्थावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण सूत्राचा मजकूर राज्यांच्या बाजूचा होता असे माझे मत आहे.

याहून महत्त्वाचा, पण कमी चर्चिला गेलेला मुद्दा ९७ हजार कोटींच्या हिशेबाचा होता. साथ आली नसती तर २०२०-२१ मध्ये जीएसटी १० टक्क्यांनी वाढला असता, असे केंद्राने गृहीत धरले. मग १४ टक्क्यांच्या हमीपर्यंतचे अंतर तेवढे अंमलबजावणीच्या खात्यावर पडले आणि बाकी सगळी तूट साथीच्या. राज्यांनी १० टक्के फार होतात असे म्हटल्यावर हे गृहीतक ७ टक्क्यांवर आणले गेले आणि ९७ हजार कोटींचे १ लाख १० हजार कोटी झाले. प्रत्यक्षात कोणाच्याही गल्ल्यात एक रुपयाही कमीजास्त झाला नव्हता. बदलला होता तो जे वर्ष कधी घडलेच नाही त्या वर्षाचा अंदाज, आणि त्याबरोबर कोणी किती कर्ज काढायचे हे बदलले. आदल्या, बिनसाथीच्या वर्षातली खरी वाढ ४ टक्के होती. तीच धरली असती तर अंमलबजावणीचा वाटा आणखी फुगला असता. ती का धरली नाही, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे वाचायला मिळालेले नाही.

राज्यांपुढे दोन पर्याय ठेवले होते. अंमलबजावणीच्या खात्यावरची लहान रक्कम केंद्राने देऊ केलेल्या खास कर्जसोयीतून, म्हणजे ‘विशेष खिडकीतून’, उचलली तर मुद्दल आणि व्याज दोन्ही उपकरातून फिटणार होते. संपूर्ण तूट बाजारातून उभी केली तर व्याजाचा बोजा राज्यांवर येणार होता. सप्टेंबर संपेपर्यंत २१ राज्यांनी पहिला पर्याय पत्करला, तर केरळ, पंजाब, पश्चिम बंगाल, छत्तीसगड आणि झारखंड अडून राहिली. ५ आणि १२ ऑक्टोबरच्या बैठकांत एकमत झाले नाही. १५ ऑक्टोबरला केंद्राने पवित्रा बदलला: १ लाख १० हजार कोटींचे कर्ज आपण काढू आणि ते जसेच्या तसे राज्यांना देऊ. हे कर्ज केंद्राच्या राजकोषीय तुटीत दिसणार नव्हते, राज्यांच्या भांडवली जमेत दिसणार होते. २३ ऑक्टोबरला ६ हजार कोटींचा पहिला हप्ता ५.१९ टक्के व्याजाने उचलून १६ राज्यांना आणि २ केंद्रशासित प्रदेशांना दिला गेला, त्यात महाराष्ट्र होता. मार्च २०२१च्या मध्यापर्यंत सगळी रक्कम सुटली, सरासरी व्याज ४.८५ टक्के पडले. प्रत्येक राज्याने वेगळे जाऊन इतक्या स्वस्तात कर्ज मिळवले नसते, हे केंद्राच्या बाजूने सांगितले पाहिजे.

दरम्यान केंद्राने आपली सोय इंधनातून लावली होती. मार्च २०२० मध्ये ३ रुपये आणि मे महिन्यात पेट्रोलवर १० तर डिझेलवर १३ रुपये असे उत्पादन शुल्क वाढले, आणि ही वाढ बहुतांशी राज्यांशी वाटून न घ्यायच्या भागांत केली गेली. महाराष्ट्रानेही जूनपासून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये चढवले. मंदीत ग्राहकाच्या हाती पैसा राहू द्यावा, हे तत्त्व पेट्रोल पंपावर दोन्ही सरकारांनी बाजूला ठेवले.

सावरण्याच्या काळात अंदाज उलट्या बाजूने चुकले. २०२१-२२ साठी केंद्राने २२ लाख १७ हजार कोटींचा करमहसूल धरला होता, जमला २७ लाख कोटींहून अधिक. महागाईनेही यात हात दिला; जीएसटी किमतीवर लागतो, त्यामुळे भाव चढले की वसुली आपोआप चढते. एप्रिल २०२२ मध्ये मासिक वसुली १ लाख ६८ हजार कोटींवर गेली. मे अखेर केंद्राने ८६,९१२ कोटींची थकीत भरपाई एकदम चुकती केली, त्यातले १४,१४५ कोटी महाराष्ट्राचे होते. निधीत त्या वेळी २५ हजार कोटीच शिल्लक होते, उरलेले केंद्राने आपल्या तिजोरीतून घातले.

३० जून २०२२ला पाच वर्षांची हमी संपली. राज्यांना भरपाई मिळणे थांबले, पण ग्राहकाने उपकर भरणे थांबले नाही. दोन वर्षांत काढलेले मिळून सुमारे २ लाख ६९ हजार कोटींचे कर्ज फेडण्यासाठी त्याची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे टप्पे बदलले तेव्हा तंबाखूजन्य वस्तू वगळता बाकीच्यांवरून तो उतरला. या दरकपातीने ४८ हजार कोटींचा महसूल जाईल असा केंद्राचा अंदाज होता, तर विरोधी पक्षांच्या ताब्यातल्या आठ राज्यांच्या मते हा तोटा वर्षाला दीड ते दोन लाख कोटींच्या घरात होता. त्यांनी भरपाईची मागणी केली. परिषदेने दर उतरवले, भरपाईची तरतूद मात्र केली नाही.