दाबाचा रॉकेल स्टोव्ह

टाकीत पंपाने हवा भरून तिच्या दाबाने रॉकेल वर चढवायचे, त्याची वाफ करायची आणि ती वाफ जाळायची, या तत्त्वावर चालणारा स्टोव्ह. स्टॉकहोममधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ च्या सुमारास तो बनवला. त्याला वात नव्हती आणि भांड्यांवर काजळीही धरत नसे. ‘प्रायमस’ या नावाने तो जगभर पोचला. ऑप्टिमस, रेडियस, स्वेआ हे स्वीडिश स्टोव्हही पुढे नावारूपाला आले.

स्टोव्ह पेटवण्याआधी बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट जाळून बर्नर तापवावा लागतो. तापलेल्या नळ्यांत रॉकेलची वाफ होते. सुमारे ०.३ मिमीच्या छिद्रातून ती वेगाने निसटते, हवेत मिसळते आणि निळ्या ज्योतीने जळते. यानंतर स्पिरिटची गरज राहत नाही, कारण नळ्या तापत्या ठेवण्याचे काम ज्योतच करते. लिंडक्विस्टच्या रचनेतली खरी कल्पकता हीच. बर्नर नीट तापण्याआधी पंप मारला, तर वाफेऐवजी कच्चे रॉकेल उडते आणि पिवळ्या ज्वाळा उठतात. छिद्र तुंबले की पिन मारायची. विझवायचा तर टाकीचा स्क्रू सैल करून हवा सोडायची. घोंघावणारे आणि जवळजवळ बिनआवाजी असे दोन्ही प्रकारचे बर्नर मिळत.

ध्रुवीय मोहिमांत या स्टोव्हचा कस लागला. तेथे पिण्याचे पाणीही बर्फ वितळवूनच मिळवावे लागे, त्यामुळे रॉकेल संपणे म्हणजे तहानेने मरणे. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नान्सेन याने १८९५ च्या उत्तर ध्रुवाकडील वाटचालीत प्रायमस नेला होता. दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश संशोधक स्कॉटच्या तुकडीला साठवणीच्या डब्यांत रॉकेल कमी झालेले आढळले; झाकणांच्या चामडी वायसरांतून ते उडून गेले होते. त्याचा नॉर्वेजियन प्रतिस्पर्धी आमुंडसेन याने मात्र आपले डबे झाळून बंद केले होते. स्वीडिश संशोधक आंद्रे याच्या १८९७ च्या बलूनमोहिमेचे अवशेष १९३० मध्ये आर्क्टिकमधील क्विटोया बेटावर सापडले, तेव्हा त्यांतला प्रायमस पंप मारताच चालू झाला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही प्रायमस होते.

मोहिमांसाठी व गिर्यारोहकांसाठी काढलेल्या स्टोव्हचे पाय आणि बर्नर सुटे करता येत, आणि सगळा संच पत्र्याच्या डब्यात मावत असे. पेट्रोलचे छोटे स्टोव्ह टाकीच्या उष्णतेनेच दाब धरत, त्यांना पंप लागत नसे. पण पेट्रोल चटकन पेट घेते. रॉकेल सांडले तरी तेवढा धोका नसतो, म्हणून अनेक अनुभवी गिर्यारोहक पंपाचा त्रास पत्करत.

दुसऱ्या महायुद्धानंतर गॅसच्या छोट्या टाक्या आल्या आणि रॉकेलचे स्टोव्ह मागे पडले. जुने पितळी स्टोव्ह आता संग्राहक दुरुस्त करून वापरतात. बहुतेक वेळा बिघाड किरकोळ असतो: पंपाचा चामडी वायसर सुकून आक्रसलेला असतो, आणि तेलात भिजवला की पुन्हा हवा धरतो. प्रायमसच्या टाकीवर १९११ पासून वर्षदर्शक अक्षर ठोकलेले असे, त्यावरून स्टोव्हचे वय कळते.