टाकीत माणूस उतरवायच्या आधी हे वाचा

आमच्याकडून गॅस मीटर, ब्लोअर (आत हवा ढकलणारा पंखा), ट्रायपॉड (टाकीच्या तोंडावर उभा करायचा तीन पायांचा स्टँड) भाड्याने नेणाऱ्या सगळ्यांसाठी हे माहितीपत्रक आहे, आणि मीटर न नेता नुसतं "एकदा बघून घेऊ काय ते" म्हणणाऱ्यांसाठी तर आधी आहे. मीटरच्या डब्यात कंपनीचं जाडजूड पुस्तक असतंच पण ते साइटवर कोणी उघडत नाही हे आम्हाला माहीत आहे, म्हणून आम्हाला फोनवर सारखं जे विचारलं जातं आणि आम्हाला जे सारखं सांगावंसं वाटतं ते इथे लिहिलंय. सुपरवायझरने तर वाचाच, पण जो माणूस प्रत्यक्ष आत उतरणार आहे त्याला पण वाचून दाखवा, जीव त्याचा आहे.

कुठली जागा धोक्याची म्हणायची

माणूस आत जाऊ शकतो, पण आत-बाहेर व्हायला रस्ता अडचणीचा आहे आणि ती जागा रोज बसून काम करायला बनवलेली नाही, अशी कुठलीही जागा धरा. केमिकलची टाकी, पाण्याची टाकी, ड्रेनेजचं चेंबर, सेप्टिक टँक, बॉयलरचा ड्रम, धान्याचा सायलो, मोठ्या पाइपलाइनचं तोंड, लिफ्टचा खड्डा. वरून उघडी आहे म्हणून सुरक्षित आहे असं नसतं, खोल खड्ड्यात वरून आकाश दिसत असलं तरी तळाला जड गॅस साचून राहतो आणि वारा तिथपर्यंत पोचतच नाही.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते "यात काय असणार, पाणीच तर होतं" या वाक्याला. लोखंडी टाकी बरेच महिने झाकण लावून बंद आहे, आतून गंज चढलाय, तर तो गंज चढताना त्याने आतल्या हवेतला ऑक्सिजन खाल्लेला असतो. विषारी काही नाही, वास नाही, धूर नाही, टाकी आतून कोरडी आणि स्वच्छ दिसते, आणि उतरलेला माणूस शिडीच्या शेवटच्या पायरीवर खाली कोसळतो. नायट्रोजनने फ्लश केलेली लाइन, आर्गॉन वापरून वेल्डिंग झालेली टाकी, यांचं पण तेच, तिथे हे गॅस ऑक्सिजनची जागा घेतात.

गुदमरल्यासारखं वाटेल, मग बाहेर येईन

हा गैरसमज कृपया डोक्यातून काढा. आपल्याला जे गुदमरल्यासारखं होतं ते अंगात कार्बन डायऑक्साइड वाढला की होतं, ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही. नायट्रोजन भरलेल्या टाकीत माणूस श्वास आत घेतो, बाहेर सोडतो, कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत असतो, त्यामुळे शरीर कसलाच इशारा देत नाही. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की ती हवा कमी ऑक्सिजनची धरतात, १६ च्या आसपास डोकं नीट चालेनासं होतं, हातापायांचा ताळमेळ जातो, म्हणजे धोका ओळखायची जी अक्कल लागते तीच आधी जाते. ४ ते ६ टक्क्यांवर मिनिटाच्या आत शुद्ध हरपते. शिडी समोर असते पण चढायला माणूस शुद्धीवर नसतो.

नाकाचं पण तसंच. गटारात, गाळात जो हायड्रोजन सल्फाइड तयार होतो त्याला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण हवेत तो १०० पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) आसपास गेला की नाकाची वास घ्यायची ताकदच मरते. म्हणजे आधी वास येत होता आणि आता येत नाहीये, याचा अर्थ गॅस गेला असा घेऊ नका, गॅस वाढलाय असाही होऊ शकतो आणि तोच जास्त घातक. पाचशे-सातशे पीपीएमला काही मिनिटांत माणूस पडतो, हजारला जागच्या जागी. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. पाणी उपसायला पेट्रोल किंवा डिझेलचा पंप खड्ड्यात उतरवून चालू केला की हा गॅस तुम्ही स्वतःच तयार करताय. पंप बाहेर ठेवा आणि त्याचा धूर खड्ड्याच्या तोंडाकडे येत नाहीये ना ते पण बघा.

पेटता दिवा किंवा कागद खाली सोडून बघायची जुनी पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहे, ती आजपासून बंद करा. ज्योत विझते ती ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांच्या आसपास आला की, म्हणजे १८ टक्क्यांवर दिवा छान जळतोय आणि हवा मात्र आधीच खराब आहे. विषारी गॅसचं तर तो काहीच सांगत नाही. आणि आत मिथेन हा जळणारा गॅस असेल तर तुम्ही काडी टाकून स्फोट घडवताय. कोळशाच्या खाणीत पूर्वी कॅनरी पक्षी न्यायचे, जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात ते सुचवलं होतं कारण कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम त्या पक्ष्यावर माणसाच्या आधी दिसतो, पण ब्रिटनने सुद्धा १९८६ साली पक्षी काढून इलेक्ट्रॉनिक मीटर आणायचं ठरवलं. आता मीटर हातात मावतो, खिशाला क्लिप करता येतो, मग दिवा सोडायचं काही कारणच उरत नाही.

मीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही

आमचा नेहमीचा मीटर चार गोष्टी मोजतो: ऑक्सिजन, जळणारा गॅस, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. साइटवर एक वाक्य आम्ही फार ऐकतो, "ऑक्सिजन २०.९ दाखवतंय, चला उतरा". थांबा. हवेत ५०० पीपीएम हायड्रोजन सल्फाइड मिसळला, म्हणजे माणूस मारायला पुरेल एवढा, तरी तो हवेच्या अर्धा दशांश टक्काच होतो, त्याने ऑक्सिजन साधारण ०.०१ ने कमी होईल, आणि मीटरवर आकडा २०.९ च राहील. उलट ऑक्सिजन २०.९ वरून १९.९ झाला असेल आणि आत तो खाणारं काही नसेल तर त्याचा अर्थ हवेत जवळपास ५ टक्के दुसरं काहीतरी घुसलंय, म्हणजे ५०,००० पीपीएमच्या जवळ. अलार्म वाजला नाही म्हणून "एकच तर पॉइंट कमी आहे" असं म्हणू नका, ते दुसरं काय आहे ते आधी शोधा. चारही आकडे बघायचे, प्रत्येक वेळी.

कार्बन डायऑक्साइड हा चार गॅसवाला मीटर मोजत नाही. आंबवण्याच्या टाक्या, सायलो, शेणखताचे खड्डे इथे तोच खरा शत्रू असतो. ४ टक्के कार्बन डायऑक्साइड म्हणजे जिवाला लगेच धोका आहे अशी पातळी, आणि त्या वेळी ऑक्सिजन दिसतो २०.१ च्या आसपास, १९.५ चा अलार्म गप्प. अशा कामाला त्याचा वेगळा सेन्सर असलेला मीटर मागून घ्या, आमच्याकडे आहे, फक्त काम कसलं आहे ते आधी सांगा.

जळणाऱ्या गॅसच्या आकड्यावरून पण खूप गोंधळ होतो. तिथे १० दिसलं की लोकांना वाटतं हवेत १० टक्के गॅस आहे. तसं नाही. पेट घ्यायला कमीत कमी जेवढा गॅस लागतो त्याच्या १० टक्के, असा त्याचा अर्थ. मिथेन ५ टक्क्यांना पेट घेऊ शकतो, म्हणून मीटरवर १० म्हणजे हवेत अर्धा टक्का मिथेन. १० ला अलार्म वाजतो तो यासाठी की अजून अंतर आहे तेवढ्यात बाहेर निघा. आणि हा सेन्सर आत थोडासा गॅस जाळून मोजतो, जाळायला त्याला ऑक्सिजन लागतो, म्हणून ऑक्सिजन खूपच कमी असेल तर इथे चुकीचा कमी आकडा येऊ शकतो. ऑक्सिजन पहिला बघायचा, मग जळणारा गॅस, मग विषारी, हा क्रम त्याचसाठी आहे. अजून एक, सिलिकॉन स्प्रे किंवा सिलिकॉन सीलंट मीटरजवळ वापरू नका, या सेन्सरला ते विषासारखं आहे, सेन्सर मरतो आणि स्क्रीनवर मात्र शांतपणे शून्य दाखवत राहतो.

म्हणूनच बंप टेस्ट. रोज काम सुरू करायच्या आधी सोबत दिलेल्या छोट्या सिलिंडरमधला गॅस मीटरला द्यायचा, आकडे उड्या मारून वर गेले पाहिजेत, अलार्म वाजला पाहिजे, लाइट लागले पाहिजेत, मीटर थरथरला पाहिजे. फार वेळ लागत नाही. स्क्रीन चालू आहे म्हणजे सेन्सर जिवंत आहे असं अजिबात नाही. मीटर चालू करताना मात्र मोकळ्या स्वच्छ हवेत करा, टाकीच्या तोंडाशी उभं राहून झिरो केलात तर तिथल्या खराब हवेलाच तो चांगली हवा समजून बसेल.

मोजायचं कसं

झाकण पूर्ण उघडायच्या आधी थोडं सरकवून फटीतून मीटरची नळी आत घाला. मग वर, मधे, तळाला, अशा थरांवर मोजा. मिथेन हलका, तो वर जमतो, हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तो खाली, कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेच्याच वजनाचा, तो कुठेही. नळीतून हवा वर यायला वेळ लागतो, दर फुटाला दोनेक सेकंद धरा, त्यावर सेन्सर स्थिर व्हायला प्रत्येक थराला दोनेक मिनिटं द्या. नळी सोडली, लगेच आकडा बघितला, वर ओढली, असं केलंत तर तुम्ही टाकीतली नाही, नळीतली हवा मोजलीत. नळीचं टोक गाळात किंवा पाण्यात बुडू देऊ नका, मीटरचा पंप पाणी ओढतो आणि मीटर जातो.

ब्लोअर लावायच्या आधी एकदा मोजा म्हणजे आत मुळात काय होतं ते कळतं, मग ब्लोअर चालवून परत मोजा. ब्लोअरचा डक्ट, म्हणजे हवेचा जाड पाइप, तळापर्यंत न्या, तोंडाशी लटकवून वरच्या वर हवा फिरवून उपयोग नाही. ब्लोअर जिथून हवा ओढतो तिथे गाडी, जनरेटर चालू नको. आणि कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर सोडून हवा "चांगली" करायचं म्हणालं तर त्याला तिथेच अडवा, २३.५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजन गेला की कपडे, केस, तेलकट हातमोजे एका ठिणगीने भडकतात.

माणूस आत गेला की मीटर त्याच्या छातीवर, नाकाजवळ, पूर्ण वेळ चालू. सकाळी एकदा मोजलं म्हणजे दिवसभराचं झालं असं नसतं. गाळ शांत पडलेला असताना आकडे चांगले येतात, फावडं घातलं की आत अडकलेला गॅस एकदम बाहेर येतो, गाळाच्या टाक्यांमधला घात नेमका या वेळी होतो, उतरताना नव्हे. अलार्म वाजला तर हातातलं जिथे आहे तिथे टाकून वर यायचं, "एवढी एक बादली भरतो" नाही.

धुळीचा मास्क गॅस अडवत नाही. गॅसच्या कॅनिस्टरचा (गाळणीच्या डब्याचा) मास्क ठरावीक गॅस अडवतो पण ऑक्सिजन तयार करत नाही, कमी ऑक्सिजनमध्ये त्याचा उपयोग शून्य. तिथे पाठीवरचा हवेचा सिलिंडर किंवा बाहेरून येणारी एअरलाइनच लागते. आणि टाकीला येणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करून कुलूप, मिक्सरची वीज बंद करून कुलूप, चावी आत जाणाऱ्याच्या खिशात.

एकामागून एक

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. पहिला माणूस पडतो, वरचा बघतो, ओरडतो आणि त्याला काढायला उतरतो, तो पडतो, मग तिसरा. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ साली नोंदवलं होतं की अशा जागांमध्ये मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले होते. चांगली माणसं असतात हो ती, भाऊ, मित्र, बाप, विचार करत न बसता उडी मारणारी. म्हणून हे आधी, शांतपणे, सगळ्यांसमोर बोलून ठरवा की काहीही झालं तरी वरचा माणूस आत उतरणार नाही.

आणि नुसतं "उतरू नको" म्हणून भागत नाही, त्याच्या हातात दुसरं काही दिलं पाहिजे. आत जाणाऱ्याच्या अंगात फुल बॉडी हार्नेस (सगळ्या अंगाला बांधायचे पट्टे), त्याची दोरी ट्रायपॉडच्या विंचला (हँडल फिरवून दोरी ओढायचं यंत्र), विंचचं हँडल वरच्या माणसाच्या हातात. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर साधारण चार मिनिटांत नुकसान सुरू होतं, तेवढ्यात अग्निशमन दल गेटपर्यंत पण येत नाही, त्यामुळे बाहेर काढायची सोय आधीपासून उभी पाहिजे. हार्नेस घालायला त्रास होतो, दोरी पायात येते, हे सगळं खरं आहे, पण दोरी नसेल तर चार माणसं वर असून बघत उभी राहतात.

हा वरचा माणूस बहुतेक ठिकाणी सगळ्यात नवखा पोरगा असतो आणि त्याला मधेच सामान आणायला पिटाळलं जातं. असं करू नका. त्याने जागा सोडायचीच नाही, आतल्याशी सारखं बोलत राहायचं, उत्तर यायला उशीर झाला किंवा बोलणं अडखळायला लागलं की विंच फिरवायला सुरुवात करायची, विचारत बसायचं नाही. कामाच्या आधी एकदा रिकामं फिरवून बघा, विंच अडकतोय का, त्याला हँडल झेपतंय का.

बुकिंग करताना

फोनवर एवढं सांगा: जागा कुठली, खोली किती फूट, तोंड किती रुंद, आत आधी काय होतं, गाळ आहे का, आत वेल्डिंग-कटिंग करायचंय का, आणि माणसं किती उतरणार. जेवढी माणसं आत तेवढे मीटर, एका मीटरवर तिघं हे आम्ही देत नाही. हार्नेस उघडून शिलाई बघूनच ताब्यात घ्या, आणि मीटर परत करताना तो पडला, भिजला, ओव्हररेंज (मोजायच्या मर्यादेपलीकडे) दाखवून गेला असेल तर सांगा, त्याचे पैसे लावायला नाही विचारत, पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी परत कॅलिब्रेट करावा, म्हणजे माहीत असलेल्या गॅसवर आकडे जुळवून घ्यावा, लागतो म्हणून. आत आधी काय होतं ते तुम्हालाच माहीत नसेल तर अंदाजाने काहीतरी सांगू नका, माहीत नाही असंच सांगा, मग आम्ही येऊन बाहेरूनच सॅम्पल घेतो आणि कुठला मीटर लागेल ते त्यावरून ठरवतो.