अंडाशयातल्या गाठीत केस? तो गर्भ नव्हे

ऑपरेशननंतर नातेवाइकांना गाठ कापून दाखवतात. आत गोठलेल्या तुपासारखा पिवळट गोळा, त्यात केसांचा गुंता, कधी चक्क दाढ. मग कुजबुज सुरू होते: "गर्भ अर्धवट राहिला होता", नाहीतर "करणी केली कुणीतरी". मुलगी अविवाहित असेल तर विचारूच नका.

ही डर्मॉइड गाठ. गर्भाशी तिचा संबंध नाही. ती शाळकरी मुलींतही सापडते. अंडाशयातल्या बीजपेशीत शरीराची कुठलीही ऊती घडवण्याची क्षमता असते. त्यातली एखादी शुक्राणूशिवाय, आपली आपणच वाढू लागते आणि त्वचा, केस, चरबी, दात असं जमेल ते बनवत बसते. आराखडा नसतो, म्हणून बाळ कधीच होत नाही.

केस दिसले म्हणजे कॅन्सर, हेही खोटं. शंभरातल्या एक-दोन गाठीच पुढे कर्करोगाच्या होतात, त्याही बहुधा चाळिशीनंतर. अपरिपक्व टेराटोमा, म्हणजे पूर्ण न घडलेल्या ऊतींची अशीच गाठ, मात्र वेगळा. तो कर्करोगच, पण दुर्मीळ.

खरी भीती पीळ पडण्याची. जड गाठीने अंडाशय देठाभोवती फिरतं, रक्तपुरवठा तुटतो. ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका.