मल्टीपॅक : ऑनलाइन बाजारातली ब्रँडेड मालाची जुडी

एकाच ब्रँडचे, एकाच मापाचे दोन, तीन, चार किंवा अधिक नग एकत्र बांधून ऑनलाइन बाजारपेठेवर एक वस्तू म्हणून विकणे, याला व्यापारात मल्टीपॅक म्हणतात. सूचीत, म्हणजे वस्तूच्या विक्रीच्या पानावर, ते ‘पॅक ऑफ थ्री’ असे लिहिलेले असते. बोलण्यात ‘तीनचा सेट’. जुडी कोणी बांधली यावरून तिचे दोन प्रकार पडतात. एक कंपनीने कारखान्यातच बांधलेली. दुसरी विक्रेत्याने घाऊक बाजारातून पेटी आणून, ती फोडून, घरी किंवा गोदामात बांधलेली. दिसायला दोन्ही सारख्याच. पण बारकोड कोणाचा, किंमत कुठली, कमी नग निघाला तर जाब कोणाला विचारायचा, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दोन्हींत वेगळे येते. नवा विक्रेता फसतो तो इथेच.

फ्लिपकार्ट २००७ मध्ये आणि अ‍ॅमेझॉनची भारतातली बाजारपेठ २०१३ मध्ये सुरू झाली. परकीय गुंतवणुकीच्या नियमांमुळे परकीय भांडवल असलेल्या बाजारपेठेला स्वतःच्या मालकीचा माल तिथे विकता येत नाही. माल विक्रेत्याचा, मंच कंपनीचा. त्यामुळेच इंदूरच्या सियागंज या घाऊक बाजारातून चार पेट्या उचलणारा माणूसही पुण्या-नागपूरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचू शकला.

मल्टीपॅकचा उगम मात्र पाठवणीच्या खर्चात आहे. चाळीस रुपयांचा साबण एकटा पाठवला तर पाठवणी साबणाहून महाग पडू शकते. पाठवणीचे शुल्क वजनाच्या टप्प्यांनी लागते आणि पहिला टप्पा सहसा अर्ध्या किलोचा असतो. १०० ग्रॅमचे चार साबण वेष्टन व खोका धरून त्यात बसतात. पाचवा घातला की वजन पुढच्या टप्प्यात जाते. साबण १२५ ग्रॅमचा असेल तर चारांतच पाचशे ग्रॅम भरतात, खोक्याला जागा उरत नाही, म्हणून तिथे तीनचा सेट करायचा. सेटमध्ये किती नग असावेत हे असे काट्यावर ठरते. हलक्या पण जागा खाणाऱ्या मालाला आणखी एक हिशेब लागतो : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ५००० ने भागतात आणि येणारे आकारमानी वजन खऱ्या वजनाहून जास्त असेल तर तेच धरतात. इंदूरच्या शेव-नमकीनला हा नियम जड जातो. १५० ग्रॅमचे सहा फुगीर पुडे ९०० ग्रॅमच भरतात. पण खोका ३० × २५ × २० सेंटिमीटरचा झाला तर शुल्क तीन किलोचे लागते.

इंदुरात हा धंदा रुजायला सोपे गेले. रेल्वे स्टेशनाजवळचे सियागंज हा किराणा मालाचा जुना घाऊक बाजार. आग्रा-मुंबई रस्त्यावर देवास नाक्याकडे गोदामे आणि ट्रान्सपोर्टवाले. होळकरांच्या काळापासून इथे राहणारी मराठी माणसे व्यापारापेक्षा नोकरीत जास्त, पण राजेंद्रनगर, लोकमान्यनगर भागांत निवृत्त माणसांनी, घर सांभाळणाऱ्या बायकांनी हे काम जोडधंदा म्हणून धरले आहे. घाऊक दुकानदार खुल्ला माल देत नाही, पेटीच उचलावी लागते. आणि पेटीवरची स्कीम, म्हणजे बारावर एक नग वर, यातच विक्रेत्याची खरी कमाई दडलेली असते.

कायद्याच्या भाषेत मल्टीपॅक ही नेमकी संज्ञा आहे. वैधमापन अधिनियम २००९ खालचे आवेष्टित वस्तू नियम २०११ तीन गोष्टी वेगळ्या करतात : एकाच वस्तूचे समान मापाचे सुटे बांधलेले नग एकत्र असले तर बहुनगी आवेष्टन; सारख्या पण तंतोतंत एक नसलेल्या वस्तू असल्या तर गट आवेष्टन; भिन्न वस्तू असल्या तर संयुक्त आवेष्टन. तीन साबण पहिल्यात, साबण आणि कंगवा तिसऱ्यात. पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ माप, निर्मितीचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीचा पत्ता लागतो. जानेवारी २०१८ पासून निर्मितीचा महिना-वर्ष सोडून ही माहिती ऑनलाइन सूचीवरही दाखवावी लागते. विक्रेत्याने बांधलेल्या जुडीची कमाल किंमत म्हणजे आतल्या नगांच्या छापील किमतींची बेरीज. त्यावर एक रुपयाही लावता येत नाही. आणि आधी फुगवलेली एमआरपी दाखवून मग सूट दिल्याचा देखावा करणे हा गिऱ्हाइकाशी उघड खोटेपणा आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आल्यावर तर जुनी आणि नवी एमआरपी एकाच सेटमध्ये येण्याचा धोका वाढला. तिथे प्रत्येक नग उलटून पाहण्याला पर्याय नाही.

बारकोड ही या धंद्यातली सर्वांत कमी समजलेली गोष्ट. भारतीय कंपन्यांच्या मालावर सहसा ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक असतो. तो नगाचा क्रमांक आहे. बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस-वन संस्थेच्या पद्धतीनुसार तीन नगांच्या सेटला वेगळा क्रमांक लागतो आणि तो देण्याचा अधिकार ब्रँडच्या मालकाचा. विक्रेत्याने एका नगाचाच क्रमांक तीनच्या सेटला चिकटवला तर गोदामातले यंत्र तो एकच नग समजते. म्हणून बाजारपेठेच्या गोदामात पाठवताना आतल्या प्रत्येक नगाचा बारकोड झाकायचा, बाहेर सेटचे एकच लेबल ठेवायचे आणि ‘सेट म्हणून विकलेले, सोडू नये’ अशी चिठ्ठी लावायची. प्रस्तुत लेखकाने सुरुवातीच्या दिवसांत टूथपेस्टच्या एका खेपेत आतले बारकोड उघडे ठेवले. गोदामात जुड्या सोडल्या गेल्या, गिऱ्हाइकांना तीनऐवजी एकेक नळी गेली आणि पैसे परत करण्यात त्या महिन्याची कमाई संपली.

बांधणी पाहिल्याशिवाय हे काम कळत नाही. राजेंद्रनगरच्या एका घरात दुपारी जेवणे आटोपली की ओट्यावर वर्तमानपत्र पसरतात. टूथपेस्टच्या नळ्या खोक्यांतच असतात, खोके कधी उघडायचे नाहीत. तीन खोके घ्यायचे आणि टोकाला छापलेली मुदत बोटाने वाचत जायचे. एकाच महिन्याचे तीन जुळले की पारदर्शक फिल्ममध्ये सरकवायचे आणि गरम हवेच्या गनने फिल्म आवळायची. गन जास्त वेळ एका जागी राहिली की खोक्याची छपाई सुरकुतते आणि तो नग बाद. मग काटा. तीनच्या सेटचे वजन एकदा नीट लिहून ठेवलेले असते. काट्यावर तेवढे आले नाही तर सेट बाजूला.

“काकू, हा बारा ग्रॅम जास्त दाखवतोय.”
“फिल्म दुहेरी लागली असेल रे, सोडून बघ.”

नग मोजण्याची सगळ्यांत भरवशाची रीत हीच. संध्याकाळी थकलेली नजर दोनाला तीन म्हणते, काटा म्हणत नाही.

खाण्याच्या मालात मुदतीचा प्रश्न वेगळा आहे. गिऱ्हाइकाच्या हाती पडताना एकूण मुदतीपैकी किमान ३० टक्के किंवा संपायला ४५ दिवस शिल्लक असावेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे ऑनलाइन विक्रीसाठी सांगणे आहे. सेटची मुदत म्हणजे त्यातल्या सर्वांत जुन्या नगाची मुदत.

दुसऱ्याच्या ब्रँडचा माल विकायला परवानगी लागते का, हा प्रश्न नेहमी येतो. व्यापारचिन्ह अधिनियम १९९९ च्या कलम ३० प्रमाणे कायदेशीररीत्या बाजारात आलेला खरा माल पुढे विकायला मालक सहसा हरकत घेऊ शकत नाही. पण त्याची अवस्था बदलली वा बिघडली असेल तर घेऊ शकतो. खोका फोडून सुट्या नळ्या नव्या पिशवीत भरणे या कारणाने धोक्याचे. शिवाय बाजारपेठेचा स्वतःचा नियम वेगळा : अनेक ब्रँडसाठी ती खरेदीचे बिल किंवा कंपनीचे पत्र मागते. सियागंजात उधारीवर, कच्च्या पावतीवर घेतलेला माल तिथे अडतो. पक्के बिल घ्यावे, दोन रुपये जास्त गेले तरी.

कराचे थोडक्यात. माल राज्याबाहेर जाणार असेल तर पहिल्या विक्रीपासून जीएसटी नोंदणी लागते. फक्त राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून सूट आहे. भिन्न दरांच्या वस्तू एका किमतीत बांधल्या आणि ती मिश्र पुरवठा ठरली तर संपूर्ण जुडीवर त्यांतला सर्वांत मोठा दर लागतो; म्हणून जाणकार विक्रेते एकाच वस्तूच्या सेटवर थांबतात.

तक्रारींत सर्वांत जास्त टोचणारी म्हणजे ‘तीन मागवले, एक आला’. तिच्यामागे कधी बारकोडची चूक असते, कधी दुसऱ्याने तयार केलेल्या सेटच्या सूचीवर चिकटून एकच नग पाठवणारा विक्रेता असतो. ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम २०२० नुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे. बांधताना आणि परत आलेला माल उघडताना सलग चित्रण करून ठेवणे हा विक्रेत्याचा मुख्य पुरावा.

परताव्यात बहुधा एक नग वापरलेला आणि दोन शाबूत येतात. विक्रेत्याने स्वतः बांधलेल्या सेटमधले शाबूत नग, त्यांवर एमआरपी आणि सगळा मजकूर असल्याने, पुन्हा बांधता येतात. कंपनीच्या जुडीत मात्र आतल्या नगावर ‘वेगळी विक्री नाही’ असे छापलेले असेल तर ते विकता येत नाहीत. ते फडताळात साठतात आणि महिन्याच्या हिशेबात नुकसानीच्या रकान्यात लिहावे लागतात.